ऑर्व्हिलचा न गोठणारा नळ

"या गाडीतलं पाणी गोठणार नाही म्हणजे नाही!" ऑर्व्हिल ट्वेटने छाती ठोकून सांगितलं. मिनेसोटातल्या तळ्याकाठी, उणे अठ्ठावीसच्या थंडीत, त्यांची कॅम्पर गाडी उभी होती.

"आणि पाण्याने घोटाळा केला तर?" त्याच्या बायकोने, आर्डिसने विचारलं.

"तर विकून टाकू! पुढचा हिवाळा ॲरिझोनात, तुझ्या बहिणीकडे!"

बोलून गेला आणि लगेच पस्तावला. बारा वर्षं जिवापाड जपलेली गाडी! शिवाय ती मेहुणी, व्हर्ना, सकाळी सहाला पाहुण्यांकडून कवायत करून घ्यायची.

मग गडी इरेला पेटला. गाडीच्या पोटाखाली चहूबाजूंनी फोम लावला, पाइपाला गरम होणारी तार गुंडाळली. सांडपाण्याच्या टाकीची झडप घट्ट बंद केली. ती उघडी राहिली की बाहेरची नळी बर्फाने तुंबते. शेवटी, वाहतं पाणी गोठत नाही म्हणून, मोरीतला नळ बारीक सोडून ठेवला. शेतावरच्या घरात वडील कडाक्याच्या थंडीत हेच करायचे.

म्हातारा कुत्रा गस आत झोपला आणि दोघं तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेली.

तीन तासांनी परतली, तर दार उघडेना!

"किल्ली उलटी लावलीस."

"किल्ली फिरतेय गं! दारच हलत नाही!"

उंबरठ्याखालून पाणी पाझरून दाराला बर्फाचा जाड थर चढला होता. आत गस जिवाच्या आकांताने भुंकत होता.

"ऑर्व्हिल," आर्डिस सावकाश म्हणाली, "नळ चालू, झडप बंद. मग पाणी जाणार कुठे?"

ऑर्व्हिलचा चेहराच उतरला. वडिलांच्या मोरीखाली गटार होतं. इथे नुसती टाकी, तीही आधीच भरत आलेली. ती भरून पाणी न्हाणीतून वर आलं होतं!

शेजारचा डेल्मर किटली घेऊन धावला. "गरम पाणी ओतू?"

"पाणी नको!" दोघं एकदम ओरडली.

ऑर्व्हिल पहारीने बर्फ फोडू लागला. बोटं बधिर झाली. तेवढ्यात भुंकणं थांबलं. त्याने पहार आणखी जोरात हाणली.

"गस! अरे गस!"

दार कडाडून उघडलं. घोटाभर साबणाच्या पाण्यापलीकडे, पलंगावर, ऑर्व्हिलच्या कोरड्या उशीवर गस घोरत होता. बाहेरच्या खांबावरून गाडीत येणारं पाणी बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं, त्यामुळे नळही मजेत वाहत होता.

"बघ," ऑर्व्हिल पुटपुटला, "गोठलं नाही."

आर्डिसने त्याच्या हातात पोतेरं दिलं आणि फोन कानाला लावला.

"व्हर्ना? हो, दोघं येतोय. कुत्रापण. कवायतीला ना? ऑर्व्हिल येईल की!"