जिभेला चिकटलेलं कासव

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या बोरीच्या गंगाधरकाकांनी महादेवाच्या देवळातलं दगडी कासव चाटलं. भर सोमवारी, गर्दीत. पुजारी गहिवरला, अशी भक्ती त्यानं जन्मात पाहिली नव्हती. काका उठले, ओठ पुसले आणि म्हणाले, "हे न्हाई. चिकटंना."

काकांची आणि आमची भिंत एकच. मागं कुणी खडक तपासणारा इसम गावात आला होता. त्यानं सांगितलं, डायनासोरच्या काळात इथं तळी होती, तळ्यांत कासवं होती, आणि त्यांच्या पाठीचे दगड झालेले तुकडे अजून सापडतात. ओळखायचं कसं? तर हाडाचा दगड जिभेला चिकटतो. झालं! शिवारातला एक खडा काकांनी सोडला नाही. एकदा घाईत वाळलेली शेणी चाटली आणि बराच विचार करून निकाल दिला, हा दगडच न्हाई. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते जिलबी आधी जिभेवर टेकवून बघायचे.

आणि कासव निघालं कुठं? त्यांच्याच न्हाणीत.

विहीर खणताना दोन काळ्या कातळांमधल्या पांढरट थरातून आलेला एक खरबरीत तुकडा काकूंनी टाचा घासायला उचलला होता. कैक वर्षं ती त्यांची वज्री. एका सकाळी काकांनी तीही चाटली, आणि ती चिकटली! काकू शांतपणे म्हणाल्या, "धुऊन तरी घ्यायची."

वर बारीक खळगे, दोन खवले भेटतात तिथली खाच. काका नुसते नाचायचे राहिले होते. पण काकू वज्री सोडीनात. परभणीहून नवी आणली, तर म्हणाल्या, हिला धारच न्हाई. मग रोज काकू न्हाणीत आणि काका दाराबाहेर.

"हळू घास. नक्षी जायलीय."

"मग या, तुमीच घासा जिभंनं."

नक्षी गेलीच. पुढच्या साली काकूही गेल्या.

आता काकांना एकच ध्यास उरला. हे कासवच, आणि ते अमुक जातीचं, असं कुणी जाणत्यानं सांगावं. विद्यापीठात निरोपावर निरोप गेले. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या त्या दिवसांत एसट्या कधी बंद पडतील याचा नेम नसायचा. दोनदा हुकलेले तिथले साहेब तिसऱ्या खेपेला पोचले. काकांनी घोंगडी अंथरून मधोमध वज्री मांडली. साहेबांनी भिंग काढलं. भिंगापेक्षा जीभ बरी, असं काकांनी सुचवून पाहिलं.

साहेब म्हणाले, कासवच आहे. काका नवरदेवासारखे लाजले. वरच्या खुणा झिजल्यात, साहेब पुढं म्हणाले, पण तुकडा कापून आतली घडण पाहिली की जातही कळेल. तेवढा द्या.

काकांनी वज्री त्यांच्या हातावर ठेवली, पण बोटं सोडीनात. साहेबांनी हळूच ओढली. काकांनी परत ओढली. मग पोटाशी घट्ट धरून, अख्ख्या गल्लीसमोर, ते बोलून गेले, "न्हाई जमायचं साहेब. ती टाचा कशानं घासंल?"