बिनकरंटचे सुखदेवभाऊ

आमचे शेजारी सुखदेवभाऊ यांना गाणं म्हणायचं असलं, की डोक्याच्या वर काहीतरी धरायला लागतं. छताची कडी, दाराची चौकट, कडुनिंबाची फांदी, काहीही चालतं. पण हात वर अडकवल्याशिवाय त्यांचा सूर लागत नाही. एकदा रिसोडच्या भर बाजारात त्यांना गाण्याची लहर आली आणि वर धरायला काहीच नव्हतं. तेव्हा त्यांनी मला हात वर करून उभं केलं आणि माझं मनगट धरून दोन कडवी म्हटली. लोकांना वाटलं, पाकीटमार सापडला. माझ्या सासुरवाडीपर्यंत ती बातमी गेली.

कारण सरळ आहे. सुखदेवभाऊंची सगळी नोकरी एसटीत गेली, कंडक्टर म्हणून. त्यांचं संगीताचं शिक्षणही तिथलंच. पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या बंजारा बाया, बाजाराला निघालेल्या भाजीवाल्या, शेवटच्या गाडीतले तर्र झालेले पाहुणे, हे सगळे त्यांचे गुरू. एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं तिकीट फाडायचं आणि तोंडानं साथ द्यायची. नोकरी संपली, हात मात्र वरच राहिला. अजूनही गाताना ते मधूनच डावीकडे झुकतात. आम्ही समजतो, जुन्या रस्त्यावरचा एखादा खड्डा आला.

निवृत्तीनंतर त्यांनी बँड काढला. पहिल्या महिन्यात दोन वरबाप तारीख विचारायला आले. त्यांना वाटलं, वरातीचा बँड. सुखदेवभाऊंनी त्यांना समजावलं, "अहो, हा बसून ऐकाचा बँड हाये. आजीचं गानं अन् नातीची गिटार."

गिटार मेघाची. मेघा म्हणजे आमच्या गल्लीतल्या जैन कापड दुकानदारांची सून, माहेर शिरपूरचं. लहानपणी देवळात भजनं म्हणायची, पुढे अकोल्याच्या कॉलेजात गिटार शिकली. लग्नात रुखवताच्या भांड्यांशेजारी गिटार मांडलेली मी स्वतः पाहिली आहे. तिच्या मते आम्ही जे करतो त्याला फोक-रॉक म्हणतात. ती दिवस मावळायच्या आत जेवते, म्हणून तालीम तिच्या जेवणानंतर. सगळे मुकाट्यानं घड्याळ सोडून सूर्याकडे बघतात.

तिसरे बशीरभाई गादीवाले. कापूस पिंजायची मशीन आल्यावर त्यांच्या वडिलांचं पिंजण, म्हणजे तात लावलेलं ते भलंमोठं धनुष्य, माळ्यावर पडलं होतं. सुखदेवभाऊंनी ते खाली काढायला लावलं. तातीवर ठोका बसला की असा जाड, गोल आवाज निघतो की पोटात ऐकू येतो. बशीरभाई म्हणतात, "अब्बा की कमान है, पहले रुई धुनकती थी, अब आदमी धुनकती है." आमची तालीम त्यांच्याच दुकानात होते, नव्या गाद्यांवर बसून. त्यामुळे अर्धा बँड अधूनमधून झोपतो.

आणि चौथा मी. मला आधी टाळी दिली होती. आठवडाभरात काढून घेतली. "तुमची टाळी म्हन्जे फाट्यावरची गाडी," सुखदेवभाऊ म्हणाले, "येईन तवा खरी." मग सिमेंट भरलेल्या तेलाच्या डब्यात एक लोखंडी पाइप उभा केला. भाऊंनी तो धरून गायचं आणि तो हलू नये म्हणून मी खालून धरायचा. आमची ही पाहुण्यांना सांगते, "हे बँडमधी खांब वाजवतात."

गाणं सुरू करताना सुखदेवभाऊ "टिंग टिंग" म्हणतात, थांबवताना एकदाच "टिंग". यावर कुणाचा वाद नव्हता. वाद होता स्पीकरवर. भाऊंना विजेवर चालणारं काहीही नको. माइक नको, स्पीकर नको, गिटारीला वायर नको. कारण मात्र दर वेळी वेगळं. कधी "लाइन गेली तं?" कधी "शॉक बसते." कधी "कंडक्टरले कायले पाह्यजे माइक? मी मागच्या शिटावरचा बिनतिकिट्या नुसत्या आवाजावर उठवला हाये."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मेघाच्या भावाचं लग्न ठरलं आणि तिच्या वडिलांनी शिरपूरला संगीताच्या कार्यक्रमाला आमचाच बँड सांगितला. पहिलाच जाहीर कार्यक्रम, तोही तिच्या माहेरी. मेघानं तालमीत विषय काढला.

"काका, चारेकशे लोक येणार आहेत. स्पीकर लागेलच."

"मंग मी नाई येत."

"काहून पण? खरं कारण सांगा. माझ्या माहेरी कोणाला काही ऐकूच नाही आलं तर सगळे हसतील मला. मग मी बँड सोडते, तुम्ही बसा गाद्यांवर."

सुखदेवभाऊंनी पाइपावरचा हात खाली घेतला. खाली बसले. गादीचा दोरा ओढत राहिले.

"आमच्या घरचीच्या कानात मशीन हाये, मालूम हाये ना तुले?" ते म्हणाले. "स्पीकर लागला का ते मशीन शिट्टी मारते. डोकं उठते तिचं. मंग ती काढून पर्समधी ठेवते अन् पाहात बसते नुसती. साऱ्या जिंदगीत लोकाईनं ऐकलं माह्यं गानं. घरी येओ तं गळा बसलेला राहे, जेवलो का झोपलो. रिटायर झालो, गळा मोकळा झाला, तं तिचे कान गेले."

बशीरभाईंनी विचारलं, "लेकिन भाभी सुनती तो है ना?"

"काय मालूम! इचारलं का म्हन्ते, 'हो हो, छान.' दूधवाल्यालेही तेच म्हन्ते. परवा लाइटबिलवाल्यालेही म्हनली."

आम्ही हसलो. तेही हसले. मेघा हसली नाही. पण तिच्या वडिलांनी स्पीकर आधीच सांगून ठेवले होते.

शिरपूरला जीपनं गेलो. मेघासाठी म्हणून सुखदेवभाऊ आले, पण सगळ्या रस्त्यात जीपच्या वरच्या दांड्याला त्यांनी हात लावला नाही. मंडपात कपाटाएवढे दोन स्पीकर उभे होते. यमुनावहिनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, पहिल्या रांगेत माझ्या बायकोजवळ बसल्या. स्पीकरवाल्यानं "हॅलो चेक, हॅलो" केलं, तशा वहिनींनी सवयीनं कानातलं मशीन काढलं आणि पर्स उघडली. सुखदेवभाऊ त्या पर्सकडे बघत होते आणि मेघा सुखदेवभाऊंकडे.

गिटार खुर्चीवर ठेवून मेघा सरळ मागे गेली आणि तिनं स्पीकरची वायर उपटली.

"अगं, काय करून राह्यली?" तिचे वडील धावले. "लोकाईले ऐकू कसं जाईन?"

"जाईल, बाबा."

पण मागचे लोक कुजबुजायला लागले, वऱ्हाडातली पोरं शिट्ट्या मारायला लागली. मेघाचं तोंड उतरलं. तेव्हा सुखदेवभाऊंनी माझ्या पाइपाला हात घातला आणि असा आवाज दिला की आचारीसुद्धा बाहेर आला.

"चला, पुढं सरका! पुढं सरका! मधात समदी जागा रिकामी हाये! ओ पिवळा फेटा, दारात नोका उभे राहू!"

आणि नवल असं, की लोक सरकले. खुर्च्या मागे राहिल्या, सगळं वऱ्हाड सतरंजीवर आमच्याभोवती दाटीवाटीनं बसलं. जागाच अशी झाली की कुणी बोललं असतं तर शेजाऱ्यानंच चिमटा काढला असता. माझी बायको वहिनींच्या कानाकडे बोट दाखवत होती. वहिनींनी मशीन पुन्हा कानात घातलं.

टिंग टिंग. बशीरभाईंनी ठोका दिला, मेघानं तारा छेडल्या, आणि भाऊंनी बाजारच्या गाडीत बायांकडून शिकलेलं गाणं उचललं:

"गाडी लागली फाट्याले, माय सोडेना बोट,
पदराच्या कोन्यामधी बांधे फुटान्याची मोट."

आमच्या भागातल्या कुठल्याही सासुरवाशिणीला हे गाणं अर्धंमुर्धं येतंच. दुसऱ्या कडव्याला बायका गुणगुणायला लागल्या, शेवटी तर मेघाची आई डोळे पुसत होती. मी पाइप धरून उभा होतो आणि, खोटं कशाला सांगू, मला तो धरायला बरं वाटत होतं.

टिंग. लोकांनी टाळ्या पिटल्या. सुखदेवभाऊंचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. ते वहिनींसमोर जाऊन उभे राहिले. नुसती मान हलवली, कसं काय म्हणून.

ऐकायला कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. वहिनींचा आवाज साऱ्या मंडपात गेला.

"दुसऱ्या कडव्यात बापाची ओळ खाल्ली तुमी!"

मंडप हसला. सुखदेवभाऊ आणखी पुढे वाकले.

"कोन्ती?"

"बापाची, म्हनलं ना! 'बाप बोलेना काही, नुसती पिशवी उचले.' तेच तं खरं गानं हाये. तेच इसरले!"

नंतर पंगत बसली, दिवस अजून बराच वर होता. सुखदेवभाऊ पानावर बसेनात. ते स्पीकरवाल्याकडे गेले, आचाऱ्याकडे गेले, पिवळ्या फेटेवाल्याला शोधून काढलं, आणि प्रत्येकाला सांगत सुटले, "मी चुकलो. दुसऱ्या कडव्यात. एक ओळच खाल्ली!"

मेघाच्या वडिलांना वाईट वाटलं. त्यांनी भाऊंच्या पाठीवर हात ठेवला. "होते कधीकधी, भाऊ. कोनाच्या ध्यानातही नाई आलं."

"नाई, नाई, शेठ," सुखदेवभाऊ म्हणाले, "तुमाले समजलंच नाई. तिनं पकडलं."