आधी तुम्ही, सासूबाई

"सहल मी ठरवतो," असं मी का म्हणालो, देव जाणे. जहाजावरचं जेवण जरा जास्त झालं होतं, दुसरं काय!

पण खरं कारण सांगू? माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासूबाईंनी आजवर एकदाही मला "माझा जावई" म्हटलेलं नाही. कुणी भेटलं की म्हणतात, "हा मारिटचा नवरा." बोलण्यात राग नाही, कौतुकही नाही. "ही मारिटची छत्री" म्हणावं, तसं. आमचे सासरे, ऑर्विल, गेल्यापासून तर त्या फारसं बोलतही नाहीत, हसणं दूरच. आमच्या गावच्या, डुलुथच्या, बर्फाकडे बघत एकदाच म्हणाल्या होत्या, "गरम समुद्र एकदा बघायला हवा होता." तेवढ्यावरून आम्ही कॅरिबियनची क्रूझ ठरवली. सासूबाई, मारिट, आमची पंधरा वर्षांची ब्रिटा आणि मी.

आणि वादळाने घोटाळा केला. कप्तानाने सगळी बेटं रद्द करून एकच ठेवलं, रोआतान. म्हणजे किनाऱ्यावर उतरायला एकच दिवस.

"वेंडेल, आईचा एकच दिवस आहे," मारिट मला कानात म्हणाली. "नीट निवड."

मी जहाजाच्या सहलींची पत्रिका उघडली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाची चित्रं होती. एक माणूस म्हणजे सोपी, तीन माणसं म्हणजे आपापल्या जबाबदारीवर.

"काचेच्या तळाची होडी," मी वाचलं.

"छान असेल," सासूबाई म्हणाल्या.

"चॉकलेटचा कारखाना?"

"काहीही चालेल."

"दोरावरून जंगल-भरारी?" (तीन माणसं.)

"अगं बाई! लोक काय काय करतात!" असं म्हणून त्या कितीतरी वेळ दोराला लटकलेल्या माणसाच्या चित्राकडे बघत राहिल्या.

इथे तुम्हाला आमच्या मिनेसोटाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मनातलं बोलणं म्हणजे चारचौघांत बनियनवर येणं. ताटातला केकचा शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. कुणीतरी अर्धा घेतं, मग दुसरं कुणी अर्ध्यातला अर्धा, आणि शेवटी उरलेला कण कुत्र्याला मिळतो. (आमचा कुत्रा चांगला गुबगुबीत आहे.) तेव्हा माणसाच्या मनातलं ओळखायचं असेल तर त्याच्या डोळ्यांकडे बघावं लागतं. मी बघितलं. सासूबाईंना भरारी मारायची होती! म्हातारपणी हौस उसळते म्हणतात, ते असं.

"तुम्हाला चालेल ना?" मी तिघींना विचारलं.

"तुला आवडत असेल तर चालेल," सासूबाई म्हणाल्या. "आईला चालत असेल तर मला काय!" मारिट म्हणाली. "आजीला हवं असेल तर ठीक," ब्रिटा म्हणाली. एकमताने ठराव पास! मी चार तिकिटं काढली आणि छाती फुगवून झोपलो. आता एक गोष्ट तुम्हाला सांगतो, मारिटला सांगू नका: मला शिडीवर चढून बल्बसुद्धा बदलता येत नाही. पण सासूबाईंसाठी म्हटलं, होऊन जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर, झाडाला बांधलेल्या फळ्यांच्या मचाणावर आम्ही चौघं कमरेला पट्टे बांधून उभे होतो. समोर एक तार आणि तारेखाली सगळं जंगल. विल्मर नावाचा तरुण तिथे कड्या अडकवत होता.

"चला, पहिलं कोण?"

"आधी तुम्ही, आई," मी म्हणालो. "तुमचा दिवस आहे."

"छे छे, मी काय! ब्रिटाला जाऊ दे."

"नको, आजी, तू जा ना."

"मारिट, तू जा."

"मी कशाला? वेंडेलची हौस आहे ना!"

मागे जिन्यावर रांग वाढत होती. विल्मरने कपाळाला हात लावला.

"मिनेसोटाचे का?"

"हो! कसं ओळखलंत?"

"गेल्या आठवड्यात असंच एक कुटुंब आलं होतं. पावसात भिजलो, पण पहिलं कोण ते ठरेना."

"एक मिनिट," मारिट माझ्याकडे वळली. "माझी हौस नाही. मला वाटलं, आईची."

"माझी?" सासूबाई चकित झाल्या. "मला ती काचेची होडी हवी होती. मी म्हटलं नव्हतं का, छान असेल?"

छान असेल! आमच्याकडे याहून मोठ्याने माणूस ओरडू शकत नाही. लग्नात हो म्हणतानासुद्धा मारिट एवढंच म्हणाली होती.

"मग त्या चित्राकडे एवढा वेळ का बघत होतात?" मी विचारलं.

"त्यातल्या माणसाची पँट घसरत होती."

आता मुकाट्याने परत फिरावं, तर जिन्यावर पन्नास माणसं. एवढ्यांना मागे सरकायला सांगायचं? त्यापेक्षा मरण परवडलं! "सॉरी हं," म्हणत ब्रिटा गेली. डोळे मिटून मारिट गेली. आणि मी? मी मचाणाचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला होता. सोडवेना. विल्मरने माझं एक बोट उचललं की दुसरं चिकटायचं.

"बाई," तो सासूबाईंना म्हणाला, "हे तुमचे कोण?"

तशाही अवस्थेत मी कान टवकारले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हा माझा जावई. जरा घाबरट आहे, पण मनाने चांगला आहे. लहान मुलांना घेऊन जायचा जोडपट्टा असतो ना तुमच्याकडे? त्यात आम्हा दोघांना अडकवा. त्याला पुढे घ्या, म्हणजे मला धरता येईल."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी "आई!" म्हणून किंचाळलो. कुठली, ते विचारू नका. मात्र कानाशी एक आवाज येत होता, आणि अर्धी दरी ओलांडल्यावर मला कळलं की सासूबाई हसताहेत. खदाखदा, पोट धरून (म्हणजे माझं). खाली मारिट उभी होती. ते हसू ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, माझ्याही.

जमिनीला पाय लागल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "आता मला होडीत बसायचंय." सरळ! कुणालाही न विचारता! आम्ही तिघं धावतच होडी शोधायला निघालो. निळ्या माशांवर वाकून त्या दुपारभर बसल्या, आणि रात्री जहाजावर केकचा शेवटचा तुकडाही त्यांनीच अख्खा खाल्ला.

मचाणावरून सुटतानाच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा तिथे होता, हे मला नंतर समजलं. सासूबाईंनी सगळ्यात मोठ्या आकाराचा फोटो घेतला. आता तो डुलुथच्या चर्चमध्ये, कॉफीच्या टेबलामागच्या भिंतीवर लागला आहे. दर रविवारी त्या एकेका मैत्रिणीला हाताला धरून तिथे नेतात आणि अभिमानाने सांगतात, "हा माझा जावई."

मैत्रीण चष्मा सावरते. "कुठला गं? हा कड्या अडकवणारा?"

"नाही गं," सासूबाई म्हणतात. "माझ्या मांडीवरचा."