टाकबोरू सहा विरुद्ध टाकबोरू सात

विषय : नुकत्याच विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे मागितल्याबाबत.
संदर्भ : आपली तथाकथित सवलत.

एवढं लिहून अब्बासभाई थांबले. 'तथाकथित' हा शब्द चौतीस वर्षांच्या कारकुनीत साहेबांनी दर वेळी लाल शाईनं खोडला होता. आता खोडणारं कुणी नव्हतं. (स्वयंपाकघरात बायको, परवीन, होती, पण ती शब्द खोडत नसे, एकदम माणूसच खोडत असे.)

प्रकरण असं होतं. निवृत्तीनंतर अब्बासभाई महाडात घरबसल्या लोकांचे अर्ज फुकट टाइप करून देत. त्यासाठी त्यांनी चवदार तळ्याजवळच्या नीलेशच्या दुकानातून 'टाकबोरू ६' हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. पंधरा दिवस होतात न होतात तोच 'टाकबोरू ७' बाजारात आलं आणि सहाव्यातून निघणाऱ्या प्रत्येक पानावर राखाडी अक्षरं आडवी पसरू लागली : 'ही आवृत्ती जुनी झाली आहे.' नवी हवी असेल तर 'सवलतीत' निम्मी किंमत पुन्हा भरा!

पहिला फटका बसला अंबूबाईला. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली ही बाई. तिचा गोठा कोसळला होता. अठरा शेळ्या घरात झोपत आणि अंबूबाई ओटीवर. नव्या गोठ्याच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती.

"अब्बासभाय, ह्ये काय आडवं उमटलंय? सायेब म्हनंल, अर्जच जुना हाय, फेका!"

अब्बासभाईंनी सगळं समजावलं. अंबूबाई गालावर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजी शेळी इकायची, आन पंध्रा दिसांनी सांगायचं, तुज्या शेळीचं दूध आता जुनं झालं, ताजं पायजे तर परत पैसं काढ? आमच्याकडं असल्याला बाजारात उभा करीत नाय."

"हेच! हेच लिहितो!" अब्बासभाई कडाडले.

आणि त्यांनी लिहिलं. 'आपल्या चुका मी रोख पैसे मोजून घेतल्या. त्या दुरुस्त करण्यासाठी मीच पुन्हा पैसे मोजावेत, हा कुठला न्याय? खरेदी दि. २ एप्रिलची असून त्याचा लेखी पुरावा माझ्यापाशी आहे. मागाल तेव्हा सादर करीन.' कंपनीला ईमेल रवाना करून ते फाइल काखेत मारून नीलेशच्या दुकानात धडकले.

"काका, रागावता कशाला?" नीलेश म्हणाला. "एक एप्रिलपासून ज्यांनी घेतलंय त्यांना सातवी आवृत्ती फुकट आहे."

"मग? मी दोन तारखेला घेतलं! तुझ्यासमोर, ह्याच स्टुलावर बसून!"

"बिल दाखवा."

अब्बासभाईंनी बिल काउंटरवर आपटलं. नीलेशनं ते वाचलं आणि हळूच त्यांच्याकडे फिरवलं.

"एकतीस मार्च आहे, काका."

"असं कसं?"

"तुम्हीच टाकायला लावलीत. मी म्हटलं, आज दोन तारीख आहे. तुम्ही म्हणालात, खरेदी मार्चअखेरच्या आत बसलीच पाहिजे, नाहीतर मंजुरी रद्द होते."

चौतीस वर्षं कचेरीची एकही खरेदी त्यांनी एप्रिलमध्ये सांडू दिली नव्हती. तोंडून ते आपोआप निघालं होतं. (मंजुरी कुणाची, हे नीलेशनं विचारलं नाही. तो परवीनला ओळखत होता.)

घरी येऊन ते बराच वेळ तत्त्वावर बोलले. पैसे देणार नाही म्हणजे नाही! प्रश्न पैशाचा नाही!

"बरं," परवीन म्हणाली. "मग शुक्रवारपर्यंत अंबूबाईच्या शेळ्यांनी तुमचं तत्त्व चघळायचं का? अहो, हाताला काय झालंय तुमच्या? जन्मभर लिहिलंत ना?"

अब्बासभाईंनी शाईचं पेन शोधलं. अंबूबाईचा अर्ज हातानं लिहिला, शुक्रवारी पोलादपूरला स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

महिन्याभरात गोठा मंजूर झाला. अंबूबाई शेळीचं दूध घेऊन सांगायला आली.

"सायेब म्हनला, अक्षर लय झ्याक हाय. आन तुमच्या अर्जाचं काय झालं, भाय?"

अब्बासभाईंनी दुधाचं भांडं आत नेऊन ठेवलं.

कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं होतं : 'आपल्या भावनांचा आदर आहे. खरेदीचा पुरावा जोडावा.'

पुरावा अद्याप जोडलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.