गिरणीवाल्याच्या कानांचा निवाडा

ग्येबीने कानांवर पिवळ्या वाट्या चढवल्या, त्या दिवशी असारेक्रोमच्या बाजारात पहिली बातमी पसरली ती अशी, की गिरणीवाला आता काम करता करता गाणी ऐकतो.

"आम्ही इथे भिजवलेल्या मक्याची घमेली डोक्यावर घेऊन ताटकळतोय आणि हे राजे गाण्यात रंगलेत!" मक्याचे केंके उकडून विकणारी मान्सा त्याच्या तोंडापुढे हात नाचवत ओरडली. ग्येबीने एक वाटी वर उचलली.

"गाणी नाहीत गं मान्साबाई. आवाज येऊ नये म्हणून घातलंय हे."

"कुणाचा आवाज?"

"गिरणीचा."

"मग गिरणी बंद ठेव की!"

ग्येबीची गिरणी म्हणजे नुसता कहर होता. तिच्या शेजारच्या शिंप्याने दुकान हलवलं होतं, आणि पाद्रीबुवांनी रविवारी ती बंद ठेवायला लावली होती ती देवभक्तीपेक्षा प्रवचन ऐकू जावं म्हणून. पण वाट्या घालायची कल्पना ग्येबीची नव्हती. ती पोकुआची. पोकुआ आरोग्य केंद्रात लोकांचे कान तपासायची. या दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं आणि तिने भावी नवऱ्याला खुर्चीत बसवून त्याचेही कान तपासून घेतले होते.

"सुरुवात झालीय," ती म्हणाली होती. "अजून वेळ गेलेली नाही, पण अशीच गिरणी चालवलीस तर चाळिशीत ठार बहिरा होशील. मी दिवसभर केंद्रात ओरडून बोलते. घरी येऊन पुन्हा नवऱ्याशी ओरडू? मला जमायचं नाही. या वाट्या घाल, नाहीतर आमच्याकडे दार ठोठावायला येऊ नकोस."

दार ठोठावणं म्हणजे मुलाकडच्यांनी बाटली घेऊन मुलीच्या घरी जायचं आणि तिला रीतसर मागणी घालायची. ग्येबीला ते दार ठोठावायचं होतं, अगदी जीव तोडून ठोठावायचं होतं. म्हणून तो बिचारा निमूटपणे वाट्या घालू लागला.

आमच्याकडे मुलगी बापाची नसते, मामाची असते. पोकुआचे मामा अंपोन्सा हे त्यांच्या सगळ्या कुळाचे प्रमुख. तरुणपणी लाकडाच्या मोठ्या गिरणीत करवतीवर होते. आता पांढरी दाढी, खांद्यावर भारी कापड आणि गावभर दरारा. मामांची ख्याती अशी, की ते कुणाचंही ऐकल्या ऐकल्या बोलत नाहीत. समोरचा काहीही म्हणो, आधी मान डोलावतात, ओठ मिटून विचार करतात. मग त्यांच्या वतीने बोलणारा ओक्यामे बेदियाको बाजूला बसून तेच सगळं खणखणीत आवाजात पुन्हा सांगतो, तेव्हा कुठे मामा उत्तर देतात. मोठ्या माणसाशी थेट बोलायचं नाही, मध्ये ओक्यामे हवा, ही तर रीतच आहे. गाव म्हणे, "काय गंभीर माणूस! नाहीतर आमचे पुढारी."

तर दार ठोठावायला चार दिवस असताना अंपोन्सामामांनी ठरवलं, की मुलगा एकदा गुपचूप बघावा. बेदियाकोला न घेता, मक्याची छोटी टोपली स्वतःच्या हातात धरून ते गिरणीवर आले. एवढा मोठा माणूस दळण घेऊन आलेला पाहून बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

ग्येबीचा उजवा हात त्या वेळी खाली पिठात होता. दळण बारीक निघतंय की भरड, हे तो बोटांनी चाचपून बघत होता. मामा उंबऱ्यात उभे राहिले आणि भारदस्तपणे म्हणाले, "माच्ये."

सकाळी कुणी 'माच्ये' म्हटलं, की त्याला उत्तर द्यायचंच. वडीलधाऱ्याला उत्तर न देणं म्हणजे भर बाजारात त्याचं कापड ओढण्यासारखं. ग्येबीला शब्द ऐकू आला नाही, पण ओठ हललेले दिसले. तो चटकन 'माच्ये'चं ठरलेलं उत्तर देत म्हणाला, "या आग्या, मामा!" निदान त्याला तरी वाटलं, की आपण जोरात म्हणालो. कान झाकले, की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. माणसाला वाटतं आपण गर्जतोय, आणि बाहेर पुटपुटणंसुद्धा पोचत नाही. त्यात गिरणी बोंबलत होतीच. वर, "आलोच, जरा थांबा" हे सांगायला त्याने मोकळा असलेला हात हलवला.

मोकळा हात डावा होता.

गिरणीवर असलेल्या सगळ्या बायकांनी एकदम तोंडावर हात नेले. डावा हात! तो आमच्याकडे कुत्र्यालाही दाखवत नाहीत. मामांनी टोपली तिथेच ठेवली आणि वळून चालू पडले. ग्येबी गिरणी बंद करून बाहेर धावला, तोवर मामा चौक ओलांडून गेलेसुद्धा होते.

संध्याकाळपर्यंत निरोप आला: दार ठोठावायला येण्याची तसदी घेऊ नये, आतून कडी आहे.

ग्येबीची आई अफ्रिये ही धोरणी बाई. रडत बसणं तिच्या स्वभावात नाही. "तू तोंड उघडू नकोस, मी बघते," असं म्हणून तिने माफी मागायला न्यायची अंडी आणि बाटली घेतली आणि मामांचं घर गाठलं. परत आली ती पदर खोचूनच.

"काम फत्ते! अपमान माफ झाला. दंडाचा मेंढा नाही, काही नाही."

"आई, तू देवमाणूस आहेस! काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, की पोरगा बहिरा आहे."

ग्येबी मटकन बाकावर बसला.

"अरे, बहिऱ्याने केलेला अपमान धरत नाहीत. मी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, गिरणीने माझ्या लेकराचे कान खाल्ले. सगळे हळहळले बघ! त्यांच्या मावशीने तर मला मिठी मारली."

"आणि लग्न?"

"ते..." अफ्रियेने बाटली घेऊन गेलेली पिशवी नीट घडी घातली. "ते म्हणाले, गरीब बिचारा. देव त्याचं भलं करो. पण आमची मुलगी बहिऱ्याला द्यायची नाही."

पोकुआ दुसऱ्या दिवशी गिरणीवर आली ती तणतणतच. "शाबास! मी तुझे कान वाचवायला निघाले आणि तुझ्या आईने दोन्ही एका दमात घालवले. आता मामांना जाऊन सांग, की तुला ऐकू येतं."

"म्हणजे मग मी उर्मट ठरलो. उर्मटाला देतात का मुलगी?"

"नाही."

"आणि बहिऱ्याला?"

"नाही."

"मग आता?"

पोकुआने कपाळावर हात मारला. "मी गावात इतकी माणसं तपासली, पण कान शाबूत असल्याची इतकी पंचाईत कुणाची पाहिली नव्हती."

तोवर गिरणीवर निराळीच मजा सुरू झाली होती. ग्येबी बहिरा आहे हे कळल्यावर बायका त्याच्यासमोर बिनघोर बोलू लागल्या. दळणं संपून गिरणी थांबली, की बाकावर बसून त्यांचे फड रंगायचे. अफ्रियेच्या रश्श्यात मासा शोधायला जाळं टाकावं लागतं, हे ग्येबीला आपल्या सख्ख्या आईबद्दल कळलं. आपलं नाक बापावर गेलेलं नाही, ही नवी माहितीही मिळाली. आणि हे सगळं त्याला मख्ख चेहऱ्याने ऐकावं लागलं, कारण भुवई जरी हलली असती तरी ती बातमी मामांकडे गेली असती. दोन दिवसांत त्याला मनापासून बहिरं व्हावंसं वाटू लागलं.

शेवटी पोकुआच प्रकरण घेऊन राणीआईकडे गेली. लग्नकार्यातली भांडणं राणीआईच मिटवतात. वयाने वाळलेल्या, बोलणं मऊ, कापसासारखं, पण त्यांच्या शब्दापुढे अख्ख्या गावात कुणी जात नाही. त्यांनी रविवारी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

नेमकी आदल्या दिवशी मोठी मयत होती. आमच्याकडे मयत म्हणजे भिंतीएवढे स्पीकर लावून दिवसभर दणदणाट. बेदियाको त्या स्पीकरांच्या वर ओरडून आल्यागेल्याचं स्वागत करत होता. रविवारी तो मामांशेजारी येऊन बसला खरा, पण घशातून नुसती हवा येत होती. त्याने मामांच्या कानाशी काहीतरी फुसफुस केलं. मामांनी गंभीरपणे मान डोलावली.

"आधी मुलाला ऐकू येतं की नाही ते बघू," राणीआई म्हणाल्या. त्यांनी नुसती नजर टाकली, आणि एका बाईने ग्येबीच्या पाठीमागे पत्र्याचं घमेलं फरशीवर सोडलं. ग्येबी हातभर उडाला.

"ऐकतो! ऐकतो!" अंगण ओरडलं.

"नाही हो, त्याला पायातून समजलं!" अफ्रिये ओरडली. "फरशी हलली!"

"आई, पुरे," ग्येबी म्हणाला आणि हात जोडून पुढे झाला. "राणीआई, मी बहिरा नाही. कान टिकावेत म्हणून वाट्या घालतो. मामांना मी उत्तर दिलं होतं, पण ते माझ्या तोंडातच राहिलं असणार. आणि डावा हात दाखवला, ही चूक माझी. उजवा पिठात होता."

"पिठात होता, ते मी पाहिलंय," मान्सा मधेच म्हणाली. "पण या मेल्याला ऐकू येतं? अगं बाई! म्हणजे परवाचं सगळं..." आणि तिने जीभ चावली.

राणीआईंनी हसू दाबलं आणि मामांकडे वळून आपल्या मऊ आवाजात विचारलं, "अंपोन्सा, पोराने चूक कबूल केली. आता मेंढ्यावर मिटवायचं, की लग्नाचं बोलायचं?"

मामांनी मान डोलावली. ओठ मिटून विचार केला. अंगण वाट बघत राहिलं.

"अंपोन्सा? मेंढा?"

मामांनी मान डोलावली.

"की लग्न?"

मामांनी आणखी गंभीरपणे मान डोलावली. बेदियाकोने तोंड उघडलं, त्यातून हवा आली, आणि त्याने घाबरून मामांची बाही ओढली. मामा म्हणाले, "अगदी माझ्या मनातलं बोललात, राणीआई."

कुणीतरी फिस्सकन हसलं. राणीआईंच्या कपाळावर आठी चढली. त्यांना उत्तर न देणं हे मामांना उत्तर न देण्याच्या कितीतरी पट भयंकर, आणि आता अख्खं अंगण मामांकडे टक लावून बघत होतं. मामांना काहीतरी बिनसलंय एवढं समजलं, पण काय ते समजेना. कपाळावर घामाचे थेंब आले. लाकडाच्या गिरणीतली ती सगळी वर्षं त्या एका चेहऱ्यावर दिसायला लागली.

ग्येबीला सगळं एका क्षणात उमगलं. त्या दिवशी गिरणीत त्याने गळा फाडून उत्तर दिलं असतं, तरी यांना ते ऐकू आलंच नसतं! खरा बहिरा कोण, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलंही होतं. चार दिवस सोसलेलं सगळं फिटलं असतं, आणि पोकुआ कायमची गेली असती. त्याने पोकुआकडे पाहिलं. दिवसभर लोकांचे कान तपासणारी ती मुलगी घरच्याच माणसाकडे आ वासून बघत होती.

ग्येबी पुढे गेला, पाया पडल्यासारखा मामांच्या खुर्चीशी वाकला आणि गिरणी चालू असताना बायकांशी बोलायचा तो आवाज काढून मामांच्या कानात म्हणाला, "मामा! बेदियाकोंचा घसा बसलाय, म्हणून मी सांगतो! राणीआई विचारताहेत, मेंढा घ्यायचा की लग्नाचं बोलायचं?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग डोळे पुसल्यासारखं करून ते ताठ बसले.

"मेंढा काय करायचाय?" मामा गरजले. "लग्नाचं बोला. आणि हा पोरगा बहिरा नाही आणि उर्मट तर मुळीच नाही. बेदियाको म्हातारा झाला. आजपासून माझा ओक्यामे हा!"

लग्न थाटात झालं. ग्येबीची गावात पत वाढली. बैठक असो, बारसं असो, मयत असो, तो मामांच्या डाव्या हाताला बसू लागला. लोकांचं बोलणं तो मामांच्या कानात घालायचा, आणि मामा आपलं उत्तर त्याच्या कानात घालायचे. बहिऱ्या माणसाला कुजबुज म्हणजे काय ते ठाऊक नसतं. "हा टकल्या कोण रे? नाव विसरलो!" अशी मामांची गुप्त कुजबुज पलीकडच्या गल्लीतली कोंबडी उठवायची, आणि ग्येबीचा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असायचा. वाट्या घालायची सोय नव्हती. वडीलधाऱ्यांसमोर कान झाकणं म्हणजे काय, ते मी सांगायला नकोच.

पावसाळा सरल्यावर पोकुआने नवऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. डावा कान तपासला आणि खूश झाली. उजवा तपासला आणि तिचा चेहरा पडला. तिने यंत्र हलवून पाहिलं, पुन्हा तपासला.

"गिरणीवर एकच वाटी घालतोस काय रे?"

"नाही गं. दोन्ही घालतो, रोज."

"मग हा उजवा कान कुठल्या कामावर घालवलास?"

ग्येबीने एक सुस्कारा सोडला.

"जावयाच्या," तो म्हणाला.