तुफानच्या घरात दादांचा मुक्काम

तुफान गेला, आणि तो लहानाचा मोठा झाला त्या घराचं संग्रहालय करायचं ठरलं. तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, छाती पुढे काढून सांगितलं, की यात कुणी फार डोकं चालवायची गरज नाही, आपण एकटे पुरेसे आहोत. ही नुसती फुशारकी नव्हती. अख्खं जग ज्याच्या गाण्यांवर नाचलं, त्या तुफानचं शेंबडं नाक दादांनी पुसलं होतं. आई गेली तेव्हा तो नुकता चालायला लागला होता आणि दादा मिसरूड फुटायच्या बेतात. पुढे तुफान घरातून पळाला, गाजला, चंदेरी जाकीट घालून मैदानंच्या मैदानं नाचवू लागला. दादांनी पाणीखात्यात मीटर वाचले आणि त्याच घरात संसार केला. संग्रहालय झालं तरी दादा-वहिनींनी तिथेच राहावं, असंही ठरलं.

अडचण एवढीच होती, की घरात तुफानची एकही वस्तू उरली नव्हती. घरातून पळाला तेव्हाच तो सगळं घेऊन गेला होता, आणि जे नेता आलं नाही ते त्याने आधीच मोडून ठेवलं होतं. संग्रहालयाच्या बाई रिकामं कपाट बघून इतक्या हिरमुसल्या, की दादांना त्यांची दया आली. बाईंनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, तो इथेच बसून गाणी लिहायचा का? ती खुर्ची दादांनी निवृत्त झाल्यावर घेतलेली. पण बाईंचा चेहरा उजळायला लागला होता. दादांनी मान हलवली. अगदी हो म्हणून नाही, आपली हलवली.

तिथून सगळं घसरलं. खुर्चीभोवती लाल दोरी आली. मग दादांचा पलंग दोरीआड गेला, कारण खुर्चीत बसणारा माणूस कुठेतरी झोपतही असणार. छत्री आणि दाढीचा ब्रश काचेच्या पेटीत गेले. पाठोपाठ वाचायचा चष्मा गेला, आणि चष्म्याशिवाय दादांना पेटीवरची पाटी दिसेना. ती वहिनींनी वाचून दाखवली. ‘तुफानच्या अखेरच्या दिवसांतला चष्मा.’

दादा तणतणत बाईंकडे गेले. बाई गोड बोलणाऱ्या होत्या.

“दादा, खुर्चीचं तुम्हीच सांगितलंत ना? आता खुर्ची त्याची आणि चष्मा तुमचा, असं लोकांना कसं सांगायचं?”

निदान एक तरी गोष्ट खरी सांगावी म्हणून दादांनी बाईंना सांगितलं, की आवाज घुमतो म्हणून तुफान रियाज न्हाणीघरात करायचा. हे शंभर टक्के खरं होतं. त्याच दुपारी न्हाणीघराला कुलूप लागलं आणि वर पाटी आली, ‘पहिला स्टुडिओ’. तेव्हापासून वहिनी बादली घेऊन शेजारच्या शिंपीणकाकूंकडे जाऊ लागल्या, आणि दादांशी बोलणं त्यांनी जेवायला वाढण्यापुरतं ठेवलं.

उद्घाटनाला गल्ली गच्च भरली. चंदेरी जाकिटं घातलेली माणसं शेजारच्या गच्च्यांवरही चढली होती. दादांना माईकसमोर उभं केलं, आणि त्यांच्या मनात आलं, आपली म्हणावी अशी एकच वस्तू अजून कुणी पेटीत ठेवलेली नाही. तुफानचं सगळ्यात गाजलेलं गाणं, जे लहान पोरांनाही पाठ आहे, त्याची चाल दादांची होती. आई गेल्यावर तो झोपेना, तेव्हा त्याला थोपटता थोपटता दादांनी ती जुळवली होती. शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं. तुफान फोनवर म्हणायचा, एकदा स्टेजवरून सगळ्यांना सांगून टाकतो. ते राहून गेलं. वाईट नव्हता तो, घाईत असायचा.

दादांनी डोळे मिटले आणि ती चाल धरली, थोपटण्याच्या संथ लयीत. दोन ओळी होतायत तोच गर्दीने गाणं ओळखलं. हजारो तोंडांनी ते उचललं, चौपट वेगात, टाळ्यांसकट. दादा मागे पडले, मग धापा टाकू लागले, मग गप्प झाले.

बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. “छान म्हणत होतात, दादा. फक्त मूळ चाल अशी नाहीये.”

गर्दी पांगली. दादा येऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसले, कारण दोरी नसलेली तेवढीच खोली उरली होती. वहिनी शेजारी येऊन टेकल्या. कितीतरी दिवसांनी त्या आपणहून बोलल्या. “मला म्हणून दाखवा. त्याचं नको, तुमचं.”

दादांनी डोळे मिटून सुरुवात केली. चाल चौपट वेगात बाहेर पडली. ते थांबले, घसा खाकरला, पुन्हा लागले. या वेळी पायही ठेका धरू लागला. तिसऱ्यांदा त्यांनी पाय हाताने दाबून धरला, तर वहिनींची बोटं पातेल्यावर वाजायला लागली. संथ चाल काही केल्या सापडेना. ती पुरती ऐकलेला दुसरा माणूस एकच होता, आणि त्याला आता विचारायची सोय नव्हती.

“गेली,” दादा म्हणाले. दाबून धरलेला पाय त्यांनी सोडला, तसा तो पुन्हा ठेका धरू लागला. मग जरा ओशाळून म्हणाले, “पण कार्ट्यानं बिघडवली ती काय झकास बिघडवली.”