आप्पांचा दुसरा पंच

मन्मथआप्पा रेडिओ ऐकत नसत, रेडिओचा पंचनामा करत. पहाटे एखादं परदेशी स्टेशन लागलं की भिंतीपलीकडून हाक यायची, "सर, उठा! तेहरान सापडलंय. पंच पाहिजे!"

मी डोळे चोळत जायचो. वेळ, बाई बोलते की बाप्या, खरखर किती, सगळं लिहून आप्पा खाली माझी सही घेत. "एकट्यानं ऐकलेलं कायद्यात बसत न्हाई." पहिला पंच ते, दुसरा मी. मग कचेरीच्या टाइपरायटरवर त्याचं इंग्रजी करून ते स्टेशनला धाडत. दोन-तीन महिन्यांनी 'होय, ते आम्हीच' अशा अर्थाचं रंगीत कार्ड येई. आप्पांच्या नावाचं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आप्पा नव्या कचेरीत कारकून. दिवसभर वाळलेल्या पिकांचे पंचनामे. मी नांदेडहून बदलून आलेला विज्ञानाचा मास्तर. दुखणं तिथंच होतं. माझ्या भल्यामोठ्या नव्या रेडिओवर जवळच्या केंद्राशिवाय काही धड लागेना. आणि आप्पांनी काय केलं? दोन लाकडी पट्ट्यांची फुली. विहिरी आटल्यामुळे पाण्याच्या मोटारी बंद, म्हणून त्यांची तार भरून देणारा रिवाइंडिंगवाला रिकामा बसलेला. त्याच्याकडची तांब्याची तार फुलीवर चौकोनी गुंडाळली. टोकं भंगारातल्या रेडिओच्या, स्टेशन फिरवायच्या 'गँग' नावाच्या भागाला जोडली. झाला हातभर अँटेना! ट्रान्झिस्टरला तार जोडायचीच नाही, नुसता शेजारी ठेवायचा. फुली हळूहळू फिरवली की खरखर बाजूला सरून आवाज पुढे येई.

टँकरच्या रांगेतल्या बायकांना ते पाणी शोधायचं यंत्र वाटलं. एका म्हातारीनं विचारलंच, "आप्पा, कुठं दावायलंय पाणी?"

"पाणी न्हाई मावशी, इराण हाय."

"मग तेच दे बाबा घागरभर."

माझी बायको म्हणायची, "विज्ञान शिकवता तुम्ही, आन् स्टेशन लावतात ते." मी गुपचूप तसाच अँटेना केला. त्यावर शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटार फार स्पष्ट ऐकू आली.

एके दुपारी आप्पा दौऱ्यावर असताना पोस्टमननं त्यांचं पाकीट माझ्याकडे दिलं. परदेशी तिकिटं, जाडजूड. मी ते माझ्या रेडिओचं मागचं झाकण काढून आत सारलं. का, हे सांगायला शब्द शोधायची गरज नाही. जळत होतो.

आप्पा रोज विचारत, "टपाल आलं का हो सर? औंदा गंमत हाय."

"नाही बुवा."

तीन महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. "पंचनामा नामंजूर झाला म्हणायचा," एवढंच म्हणाले. मग पहाटेची हाकही थांबली. पुढे ते बदली होऊन निलंग्याला गेले.

वीस वर्षं मी त्या रेडिओचं झाकण कुणाला उघडू दिलं नाही. गेल्या महिन्यात रेडिओ बंद पडला, बायकोनं मेकॅनिकला निरोप धाडला, तेव्हा तो यायच्या आत मीच स्क्रू काढले. पाकीटही पहिल्यांदाच फोडलं. आत दोन कार्डं होती. एकावर आप्पांचं नाव. दुसऱ्यावर माझं. सोबत चिठ्ठी: तुमच्या विनंतीप्रमाणे तुमच्या मित्रासाठी वेगळं कार्ड पाठवत आहोत.

दुसऱ्या दिवशी एसटीनं निलंगा गाठलं. आप्पा थकले होते, एकटेच होते. मी पाकीट पुढे केलं. "आप्पा, हे मीच दडवलं होतं. तुमचा हेवा वाटायचा."

आप्पांनी चष्मा लावला. स्वतःचं कार्ड न बघताच बाजूला ठेवलं आणि माझं उजेडात धरून एकेक अक्षर तपासलं.

"नाव बरुबर छापलंय. मला तीच काळजी होती."

कोपऱ्यात ती फुली भिंतीला टेकून उभी होती. तारेवर जाळी धरली होती.

"लावत नाही?"

"कुणाच्या सहीनं लावू?" फडक्यानं तार पुसत आप्पा म्हणाले. "मुक्कामाला आलाव न्हवं? पहाटे उठवतो."